झोळीतली साधी साधने : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

साहसी व्हिडिओ गेममधील तलवारी, बंदुका आणि जादूच्या अंगठ्या यांविषयी भरपूर लिहिले जाते. बादली, शिडी, वीट किंवा रिकामी बाटली यांच्याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. म्हणून गेल्या महिन्यात या सदरात वाचकांना विचारले होते, की अशी कोणती साधी वस्तू आपल्या झोळीत पडून आहे, जिचा नेमका उपयोग अजून उमगलेला नाही. आलेल्या पत्रांतून निवडलेल्या प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. कथानकातील रहस्ये शक्यतो उघड होणार नाहीत, याची काळजी घेतली आहे.

प्रश्न : मी माइनक्राफ्ट खेळते. खाणीत उतरताना हिऱ्याची तलवार, चिलखत आणि धनुष्य घेऊन जाते, तरीही वरचेवर मरते आणि सगळे सामान गमावून बसते. एका अनुभवी खेळाडूने “पाण्याची बादली जवळ ठेव” एवढाच सल्ला दिला. बादलीने असे काय होणार आहे?

उत्तर : आपल्याला मिळालेला सल्ला अगदी योग्य आहे. खाणीत खेळाडू मरतो तो बहुधा उंचावरून पडून, लाव्हामध्ये जळून किंवा अंधारातल्या राक्षसांच्या हातून. तलवार यांतील फक्त शेवटच्या संकटावर उपयोगी पडते, तर लोखंडाच्या तीन विटांपासून बनणारी बादली पाण्याने भरली, की उरलेल्या दोन्ही संकटांना पुरून उरते.

आधी पडण्याचा हिशेब पाहू. या गेमचे जग ब्लॉक नावाच्या ठोकळ्यांचे बनलेले आहे. त्यात पहिल्या तीन ब्लॉकांचे पडणे माफ असते आणि त्यापुढच्या प्रत्येक ब्लॉकमागे आयुष्याचा एक गुण, म्हणजे अर्धे हृदय, जाते. खेळाडूकडे एकूण २० गुण असल्यामुळे २३ ब्लॉकांवरून पडणारा खेळाडू धडधाकट असला तरी वाचत नाही, आणि मंत्र न घातलेले चिलखत, मग ते हिऱ्याचे का असेना, या इजेत तिळमात्र फरक करत नाही. पाण्यात पडल्यास मात्र, ते पाणी एका ब्लॉकइतके उथळ असले तरी, इजा शून्य होते. त्यामुळे पडता पडता पायाखाली पाणी ओतता आले, तर कितीही उंचीवरून पडलेला खेळाडू सुखरूप उभा राहतो. ही गोष्ट वाचून पटत नाही, हातानेच करून पाहावी लागते. मी एका नव्या जगात केवळ यासाठी उंच मनोरा बांधला आणि दोन संध्याकाळी त्यावरून उड्या मारल्या. सुरुवातीला प्रत्येक वेळी घाई होत असे. बटण लवकर दाबले जाई, पाणी ओतलेच जात नसे, आणि दुसऱ्यांदा दाबेपर्यंत उशीर झालेला असे. नजर सरळ खाली, स्वतःच्या पायांच्या मधोमध ठेवली आणि जमीन साधारण चार ब्लॉकांवर आल्यावरच बटण दाबले, तेव्हा जमू लागले. त्यानंतर काही दिवसांनी एका खोल दरीच्या काठावरून पाय घसरला, तेव्हा विचार करायलाही वेळ नव्हता. बोटाने आपले काम आपसूक केले होते.

लाव्हाच्या बाबतीतही नियम सरळ आहे. साठलेल्या लाव्हावर पाणी पडले की त्याचे ऑब्सिडियन, म्हणजे कठीण काळा दगड, होते आणि वाहत्या लाव्हाचे साधे खडक होतात. लाव्हाच्या तळ्याकाठी हिरे दिसले, तर आधी तळ्यावर पाणी सोडावे आणि मगच कुदळ उचलावी. अंगाला आग लागली असेल, तर स्वतःच्याच पायांवर पाणी ओतावे. कड्यावरून पाण्याची धार सोडून तिच्यातून खाली उतरता येते आणि तिच्यातूनच पोहत वरही येता येते. क्रीपर हा जवळ येऊन फुटणारा राक्षस पाण्यात उभा असताना फुटला, तर आपल्याला इजा होते, पण भोवतीचे ब्लॉक तुटत नाहीत. पाण्याने एंडरमॅन या उंच राक्षसाला तर इजाच होते. एवढे सगळे झाल्यावर तेच पाणी पुन्हा बादलीत भरून घेता येते. ही सवय मात्र मुद्दाम लावून घ्यावी लागते, कारण संकट टळल्याच्या आनंदात बादली रिकामीच राहते. एक मर्यादा कायम लक्षात ठेवावी : नेदर या अग्निलोकात पाणी ओतताक्षणीच वाफ होऊन नाहीसे होते, त्यामुळे तेथे बादलीच्या भरवशावर राहू नये.

आपल्या पत्रात मशालींचा उल्लेख नाही, म्हणून त्यांच्याविषयीही थोडे सांगतो. २०२१ च्या अखेरीस आलेल्या १.१८ या आवृत्तीपासून राक्षस फक्त पूर्ण अंधारात, म्हणजे उजेडाची पातळी शून्य असेल तेथेच, जन्म घेतात. त्याआधी ७ पर्यंतच्या पातळीवरही ते जन्मत असत. मशालीजवळ ही पातळी १४ असते आणि पुढे एकेका ब्लॉकमागे एकने उतरते. म्हणजे आता मशाली पूर्वीपेक्षा बऱ्याच लांब लांब लावल्या तरी चालतात. वाळूचा किंवा खडीचा उंच ढीग उपसायचा असेल, तर सर्वांत खालचा ब्लॉक फोडून चटकन त्या जागी मशाल लावावी. वरची वाळू मशालीवर पडून आपोआप सुटी होत जाते आणि एकेक ब्लॉक खणण्याचा त्रास वाचतो.

प्रश्न : सबनॉटिका खेळताना बुडालेल्या अवशेषांत शिरलो, की परतीची वाट सापडत नाही आणि श्वास संपतो. गेममध्ये नकाशाही नाही. यावर काही साधा उपाय आहे का?

उत्तर : वाट हरवणे हे साहसी गेमइतकेच जुने दुखणे आहे, आणि त्यावरचे सर्वोत्तम औषधही तितकेच जुने आहे. विल क्राउदर या प्रोग्रामरने, जो स्वतः गुहांचा शोध घेणारा होता, १९७६ च्या सुमारास कोलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर हा केवळ मजकुरावर चालणारा गेम लिहिला आणि १९७७ मध्ये डॉन वूड्सने त्यात भर घातली. त्या गेममध्ये एक चक्रव्यूह आहे, ज्यातील प्रत्येक दालनाचे वर्णन शब्दशः एकसारखे आहे. पडद्यावर चित्र नाही, खूण नाही, आणि पाच पावले पुढे गेलो की मागे गेलो, हेही कळत नाही. खेळाडूंनी यावर शोधलेली युक्ती अशी, की जवळच्या वस्तू एकेका दालनात टाकत जायचे. चाव्या पडलेले दालन आणि बाटली पडलेले दालन यांचे वर्णन आता वेगळे होते, कागदावर रेघा ओढता येतात आणि चक्रव्यूहाचा नकाशा तयार होतो. ज्या वस्तूंचा तेथे दुसरा काहीही उपयोग नव्हता, त्यांचा हा सर्वांत मोठा उपयोग ठरला.

आपल्या सबनॉटिकामध्ये हेच काम करणारी दोन साधने आहेत आणि दोन्ही सुरुवातीला क्षुल्लक वाटतात. बीकन हा पाण्यात सोडायचा दर्शक आहे. त्याला आपल्याला हवे ते नाव देता येते, आणि ते नाव व तेथपर्यंतचे अंतर कितीही दुरून पडद्यावर दिसत राहते. अवशेषाच्या नेमक्या ज्या फटीतून आपण आत शिरतो, तिच्या तोंडाशीच बीकन सोडावा. अवशेषाच्या जवळपास कोठेतरी सोडल्यास आतून दिशा चुकते. पाथफाइंडर हे दुसरे साधन भिंतींवर चमकत्या चकत्या चिकटवत जाते आणि त्या चकत्या मागची वाट दाखवतात. टाकी नसताना खेळाडूचा श्वास जेमतेम ४५ सेकंद पुरतो, तेव्हा प्रत्येक वळणावर चकती लावण्याची शिस्त ही चैन मानू नये. एअर ब्लॅडर हा हवेचा फुगाही पुष्कळ जण बाळगतात, कारण तो वेगाने वर खेचतो. परंतु डोक्यावर मोकळे पाणी असेल तरच त्याचा उपयोग आहे, अवशेषांच्या आत तो आपल्याला छतावर नेऊन आपटतो. माझा स्वतःचा नियम असा आहे, की आत जाताना निम्म्याहून थोडा अधिक श्वास शिल्लक असतानाच मागे वळायचे, कारण परतताना माणूस नेहमी जास्त वेळ घेतो.

इतर गेममध्येही याच जातीची साधने सापडतात. एल्डन रिंगमधील रेनबो स्टोन हे रंगीत, चमकणारे खडे वाटेवर टाकून खूण करता येते, पण त्यांचा खरा उपयोग कड्यावर उभे राहिल्यावर कळतो. खडा खाली टाकावा. तो फुटला, तर त्या उंचीवरून मारलेली उडी जीवघेणी आहे, आणि खाली पडून चमकत राहिला, तर उडी मारण्यास हरकत नाही. कवडीमोलाच्या खड्याने किती मृत्यू टळतात, याची कल्पना आंधळेपणाने उड्या मारणाऱ्यालाच येईल. हॉलो नाइटमध्ये नकाशा विकत घेतला तरी त्यावर आपण कोठे आहोत हे दिसत नाही. त्यासाठी होकायंत्राचा वेगळा ताईत घालावा लागतो आणि ताईत बसवण्याच्या मोजक्या खाचांपैकी एक तो अडवतो. अनेक खेळाडू लढाईचा ताईत बसवण्यासाठी होकायंत्र काढून ठेवतात. मी ते शेवटपर्यंत काढले नाही आणि मला त्याचा कधीही पश्चात्ताप झाला नाही.

प्रश्न : लपतछपत खेळायच्या गेममध्ये विटा, बाटल्या, पुठ्ठ्याची खोकी अशा वस्तू ठिकठिकाणी दिलेल्या असतात. माझा धाकटा भाऊ म्हणतो की त्या दुबळ्या खेळाडूंसाठी आहेत आणि खऱ्या खेळाडूने बंदूक चालवावी. आपले मत काय?

उत्तर : आपल्या भावाचे मत मला मान्य नाही. अशा गेममधील पहारेकरी दोनच मार्गांनी आपल्याला शोधतो, डोळ्यांनी आणि कानांनी. बंदूक चालवताच आपण त्या दोन्हींना स्वतःचा पत्ता देतो. वीट आणि बाटली नेमका याच्या उलट, खोटा पत्ता देतात.

२०१३ च्या द लास्ट ऑफ अस या गेममध्ये हे फार स्पष्ट दिसते. त्यातील क्लिकर नावाचे राक्षस आंधळे असतात आणि आवाजाच्या आधाराने वावरतात. हॉलच्या दूरच्या कोपऱ्यात बाटली फोडली, की ते सगळे तिकडे धावतात आणि आपल्याला दुसऱ्या दाराने वाकून निघून जाता येते. एकही गोळी खर्च होत नाही. वीट फेकून मारली, तर समोरचा क्षणभर गांगरतो आणि तेवढ्यात त्याला गाठता येते. हातात धरूनही तिने वार करता येतो. मूळ गेममध्ये वीट किंवा बाटली यांपैकी एकच वस्तू एका वेळी जवळ ठेवता येते, म्हणून मी जेथे दोन्ही दिसतील तेथे सहसा वीट उचलतो आणि गर्दीच्या हॉलमधून गुपचूप पार व्हायचे असेल तरच बाटली घेतो.

या विषयातला माझा सर्वांत आवडता गेम १९९८ चा थीफ : द डार्क प्रोजेक्ट हा आहे. त्यात बाण आहेत, पण त्यांतले सर्वांत मोलाचे बाण कोणालाही मारण्यासाठी नाहीत. पाण्याचा बाण भिंतीवरची मशाल विझवतो आणि आपल्यासाठी अंधार तयार करतो. विजेच्या दिव्यावर मात्र त्याचा परिणाम होत नाही, त्यामुळे दिवा कशाचा आहे हे आधी निरखून पाहावे लागते. शेवाळ्याचा बाण खणखणणाऱ्या फरशीवर मऊ थर पसरवतो आणि पावलांचा आवाज दाबतो. दोराचा बाण लाकडात रुततो, दगडाला लागून निकामी होतो. म्हणून खोलीत शिरताच छताकडे पाहून लाकडी तुळई शोधण्याची सवय जडते. काम झाल्यावर दोराचा बाण काढून पुन्हा वापरता येतो. पडद्याच्या तळाशी असलेला मणी आपण किती उजेडात आहोत हे सतत दाखवतो, आणि काही तासांनी लक्षात येते, की आपण शत्रूंपेक्षा त्या मण्याकडेच जास्त पाहत आहोत.

पुठ्ठ्याचे खोके मेटल गिअर मालिकेत १९८७ पासून आहे. त्याच्याखाली बसून, पहारेकऱ्याची पाठ फिरली की सरकायचे आणि तो वळला की थांबायचे. सरकताना दिसलो, तर मात्र संशय येतोच. १९९८ च्या मेटल गिअर सॉलिडमध्ये योग्य ठिकाणाचे खोके घालून मालमोटारीत बसले, की मोटार आपल्याला तेथे पोहोचवते. त्याच गेममधील सिगारेटने प्रकृती हळूहळू खालावते, पण तिच्या धुरात एरवी न दिसणारे इन्फ्रारेड किरण दिसू लागतात.

उपयुक्त साधनालाही किंमत मोजावी लागते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे २०१४ च्या एलियन : आयसोलेशनमधील मोशन ट्रॅकर. तो हलणाऱ्या वस्तूची दिशा व अंतर सांगतो, पण त्याचा टिकटिक आवाज जवळ आलेल्या परग्रहावरच्या प्राण्यालाही ऐकू जातो. म्हणून कपाटात लपल्यावर तो बंदच ठेवावा, मन कितीही अस्वस्थ झाले तरी.

प्रश्न : डेथ स्ट्रँडिंगमध्ये पाठीवर आधीच भरपूर ओझे असते. त्यात शिडी घेऊन जावी का?

उत्तर : घ्यावी, आणि शक्य असल्यास दोन घ्याव्यात. २०१९ च्या या गेममध्ये चालणे हेच मुख्य काम आहे. ओझ्याने तोल जातो, नदीच्या प्रवाहात पाय सुटतो आणि पडलो की माल खराब होतो. शिडी कड्याला टेकवून चढता येते हे उघड आहे, पण ती आडवी टाकून ओढ्यावर किंवा खडकांमधल्या फटीवर पूल करता येतो, हे नवख्या खेळाडूंच्या बऱ्याच उशिरा लक्षात येते. उतरण्यासाठी गिर्यारोहणाचा अँकर आणि त्याचा दोर शिडीपेक्षा सोयीचा पडतो. ज्या प्रदेशाचे संपर्काचे जाळे जोडून झाले आहे, तेथे इतर खेळाडूंनी ठेवलेल्या शिड्या आपल्याला दिसतात आणि आपल्या शिड्या त्यांना दिसतात. त्यामुळे अनोळखी डोंगरात, थकून कड्यापाशी पोहोचल्यावर, कोणीतरी नेमकी तेथेच शिडी टेकवून ठेवलेली आढळते. त्या क्षणी वाटणारी कृतज्ञता मला दुसऱ्या कोणत्याही गेमने दिलेली नाही. काळपावसाने, म्हणजे वस्तू झपाट्याने जुन्या करणाऱ्या तेथील पावसाने, वस्तू झिजत जातात, म्हणून नेहमीच्या वाटेवरची शिडी कायम तेथे राहील असे मात्र धरून चालू नये.

प्रश्न : झेल्डा मालिकेतील ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये वादळात माझ्यावर हमखास वीज पडते. हा गेममधला दोष आहे का? तसेच कुऱ्हाड, गारगोटी, लाकडाची मोळी अशा वस्तूंचा विक्रीखेरीज काही उपयोग आहे का?

उत्तर : तो दोष नाही. २०१७ च्या या गेममध्ये धातूच्या वस्तू विजेला ओढून घेतात. वीज पडण्यापूर्वी काही क्षण धातूच्या तलवारीवर, ढालीवर किंवा धनुष्यावर ठिणग्या नाचू लागतात. त्या दिसताच धातूची प्रत्येक वस्तू उतरवून ठेवावी आणि लाकडी शस्त्र हाती घ्यावे. एकदा ही गोष्ट कळली, की वादळाची भीती उरत नाही, उलट त्याचा उपयोग करता येतो. शत्रूंच्या टोळीच्या मधोमध धातूची एखादी जुनी तलवार फेकावी आणि दूर जाऊन वाट पाहावी.

हे का घडते, ते समजून घेणे अधिक मोलाचे आहे. २०१७ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये निन्टेन्डोच्या निर्मात्यांनी या गेममागील ‘केमिस्ट्री इंजिन’ ही कल्पना मांडली होती. आग, पाणी, वीज, वारा ही तत्त्वे एकीकडे आणि लाकूड, धातू, गवत यांसारखे पदार्थ दुसरीकडे. तत्त्व पदार्थाची अवस्था बदलू शकते, एक तत्त्व दुसऱ्या तत्त्वाची अवस्था बदलू शकते, परंतु एक पदार्थ दुसऱ्या पदार्थाची अवस्था बदलू शकत नाही. एवढ्याच तीन नियमांवर त्या जगातील बहुतेक घडामोडी चालतात. माझ्या मते साध्या वस्तूचे मोल येथेच ठरते : नियम सर्वत्र सारखे लागू असतील, तर मोळी आणि गारगोटीसुद्धा मोठ्या शस्त्राइतकी कामे करते, नियम जागोजागी बदलत असतील, तर कितीही भारी वस्तू ठरावीक दारापुरतीच उपयोगी राहते.

आता आपल्या वस्तूंकडे वळू. मोळी जमिनीवर ठेवून शेजारी गारगोटी ठेवावी आणि धातूच्या शस्त्राने तिच्यावर आघात करावा, शेकोटी पेटते. तिच्याजवळ बसून सकाळ, दुपार किंवा रात्र होईपर्यंत वेळ पुढे नेता येतो, म्हणजे पाऊस किंवा अंधार टाळता येतो. साध्या धनुष्यावर चढवलेला बाण ज्वालेजवळ धरला, की तो पेटतो, आणि अग्निबाण विकत घेण्याची गरज उरत नाही. कोरडे गवत पेटवले, की गरम हवेचा झोत वर उठतो. त्या झोतात पॅराग्लायडर उघडला, तर सपाट मैदानातून आकाशात जाता येते आणि वरून नेम धरता येतो. थंडीच्या प्रदेशात गरम कपडे मिळेपर्यंत पेटती मशाल हाती धरली, तरी अंगात ऊब राहते. लाकूडतोड्याच्या कुऱ्हाडीने दरीकाठचे झाड योग्य बाजूने तोडले, तर तेच झाड पूल होते. झाड पलीकडे पडावे यासाठी आपण झाडाच्या, दरीपासून दूरच्या बाजूला उभे राहून घाव घालावेत. पाऊस पडत असताना यांतले आगीचे एकही काम होत नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवतो, नाहीतर भिजत्या मोळीवर आपण व्यर्थ तलवार आपटत बसाल.

प्रश्न : साधी वस्तू शेवटच्या मोठ्या शत्रूवर चालते, असे खरोखर कधी होते का?

उत्तर : होते, आणि पुन्हा झेल्डा मालिकेतच होते. १९९१ च्या अ लिंक टू द पास्टमध्ये किडे पकडायच्या जाळीने अगानिम या जादूगाराचे गोळे त्याच्याकडेच परतवता येतात. १९९८ च्या ऑकॅरिना ऑफ टाइममध्ये हेच काम रिकामी बाटली करते. २००६ च्या ट्वायलाइट प्रिन्सेसमध्ये तर शेवटच्या द्वंद्वयुद्धात मासेमारीचा गळ बाहेर काढला, की गॅननडॉर्फ हा खलनायक त्याच्याकडे पाहत राहतो आणि वार करण्याची संधी मिळते. याच पत्रलेखकाने स्कायरिममध्ये दुकानदाराच्या डोक्यावर बादली पालथी घालून चोरी करणे योग्य आहे का, असेही विचारले आहे. २०११ च्या त्या गेममध्ये पात्राची नजर खरोखरच वस्तूंमुळे अडते, त्यामुळे ही युक्ती गेमच्या नियमातच बसते. ती करून पाहण्यात मला काही वावगे वाटत नाही.

प्रश्न : शस्त्राशिवायचा, केवळ साधनांवर चालणारा एखादा गेम सुचवाल का?

उत्तर : २०१९ चा आउटर वाइल्ड्स अवश्य खेळावा. त्यात स्काउट नावाचा एक लहानसा गोळा आहे. तो दूर फेकता येतो, तो छायाचित्रे काढून पाठवतो आणि हवा तेव्हा परत बोलावता येतो. या गेममध्ये घोस्ट मॅटर हा जीवघेणा पदार्थ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण स्काउटच्या छायाचित्रात दिसतो. त्यामुळे कोणत्याही अनोळखी जागी पाय ठेवण्यापूर्वी आधी गोळा फेकायचा, छायाचित्र पाहायचे आणि मगच पुढे जायचे, अशी शहाणी सवय लागते. दर २२ मिनिटांनी काळ मागे फिरत असल्यामुळे खेळाडूकडे अखेर उरते ते केवळ मिळवलेले ज्ञान, आणि ते ज्ञान जहाजातील नोंदवही जपून ठेवते. अधिक काही सांगितले, तर आपला आनंद हिरावून घेतल्यासारखे होईल.

प्रश्न : मी प्रत्येक वस्तू “पुढे लागेल” म्हणून साठवतो. गेम संपतो आणि झोळी भरलेलीच राहते. ही सवय कशी मोडावी?

उत्तर : ही सवय मलाही होती, म्हणून आपले पत्र मी आपुलकीने वाचले. वर उल्लेखिलेल्या कोलॉसल केव्हमध्ये दिव्याची बॅटरी मर्यादित आहे, आणि तेथल्या दुसऱ्या एका चक्रव्यूहात नाणी टाकून नवी बॅटरी देणारे एक यंत्र आहे. पण ती नाणी हाच एक खजिना असल्याने ती खर्च केली, की गुण घटतात. साठवावे की वापरावे, हा प्रश्न इतका जुना आहे. त्याच गेममध्ये पक्षी पकडायचा असतो, परंतु हातात काठी असेल तर तो भिऊन जवळ येऊ देत नाही. काठी खाली ठेवली, की पकडला जातो, आणि पुढे तोच पक्षी वाटेतल्या सापाला पळवून लावतो. सगळे काही कवटाळून बसणाऱ्याला तो साप कधीही ओलांडता येत नाही.

उपाय म्हणून दोन गोष्टी कराव्यात. एखाद्या वस्तूची कमाल संख्या भरली, की पुढच्याच चकमकीत तिच्यातील एक वापरावी, कारण त्यानंतर वाटेत सापडणारी तशी प्रत्येक वस्तू नाहीतरी तेथेच सोडून द्यावी लागते. आणि नवी वस्तू हाती आली, की पहिल्याच दिवशी, फारसा धोका नसलेल्या जागी, तिचा एक नमुना खर्चून पाहावा. २०२३ च्या टिअर्स ऑफ द किंगडममध्ये मडल बड नावाची कळी मिळते. ती मी कितीतरी तास नुसती बाळगली होती, कारण तिचे वर्णन वाचून काही विशेष वाटले नव्हते. एका संध्याकाळी बाण तुटपुंजे उरले होते आणि समोर शत्रूंचा भरलेला तळ होता, तेव्हा ती कळी बाणाला जोडून त्यांच्या मधोमध सोडली. धूर पसरला, सर्वांत थोराड राक्षस वळला आणि त्याने शेजारच्यालाच सोटा हाणला. मी टेकडीवर बसून पाहत होतो. थोड्याच वेळात तळावर एकटा तोच उरला होता, आणि त्याच्यासाठी तीन बाण पुरले.